तीनशे ऐंशी रुपयांची फी आणि पाच महिन्यांची शिकवणी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुमचे बाबा काटोलकडच्या एका खेड्यातून १९८२ साली नागपुरात इंजिनिअरिंगला आले. वर्षाची फी ३८० रुपये. ती पावती अजून त्यांच्या ट्रंकेत आहे. दोन घरी शिकवण्या करून त्यांनी स्वतःची फी भरली. त्यांचे धाकटे भाऊ शेती बघायला गावीच राहिले. तुम्ही २०१० मध्ये खासगी कॉलेजात गेलात, तेव्हा वर्षाला ६० हजार. आता घरातलं शेंडेफळ खासगी कॉलेजात जाणार, वर्षाला १ लाख ७० हजार. बाबा म्हणतात, "मी शिकवण्या करून शिकलो, हा काहून नाही करू शकत? नसेल जमत तर माझी एफडी मोडा, पण कर्ज काढायचं नाही." तुम्हाला जाणून घ्यायचंय की महागाई धरून हिशोब केला तर कॉलेज खरंच महागलं का, आणि बाबांना काय सांगायचं.

मी १९८५ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो आणि छत्तीस वर्षांनी अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं नागपूर आणि आसपासच्या शाखांत कर्जाच्या टेबलावर गेली. शैक्षणिक कर्जाचे अर्ज घेऊन येणाऱ्या घरांत हेच भांडण मी शेकड्यांनी पाहिलंय. बाप पावती काढतो, पोरगा मोबाइलवर कॉलेजचं फी-पत्रक काढतो आणि दोघंही खरं बोलत असतात. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न महागाईचा नाहीच. बाबांच्या वेळी शिक्षणाचं बिल कोण भरत होतं आणि आता कोण भरतंय, हा तो प्रश्न आहे. तरी आकड्यांपासूनच सुरू करतो, कारण बाबांना आकडेच पटतील.

बँकवाल्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. त्याचं पायावर्ष, म्हणजे ज्या वर्षीच्या किमती १०० धरतात ते वर्ष, बदलत आलंय: १९६०, १९८२, २००१, २०१६. जुना आकडा नव्याशी जोडायला गुणक असतात. १९८२ ची मालिका २००१ ला जोडताना ४.६३, आणि २००१ ची २०१६ ला जोडताना २.८८. हे दोन आकडे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतील, युनियनच्या नोटीस बोर्डासमोर उभं राहून इतक्यांदा गुणाकार केलाय. २०२५ च्या मध्यावर नव्या मालिकेचा आकडा १४६ च्या आसपास होता. सगळं गुणलं की १९८२ चे १०० रुपये आज साधारण १,९५० होतात, म्हणजे साडेएकोणीस पट. बाबांचं वर्ष आणि पायावर्ष एकच निघालं, त्यामुळे हिशोब सोपा झाला.

आता बाबांना त्यांच्या मेसचं बिल विचारा. त्या काळी महिन्याला १३० रुपयांच्या आसपास असायचं. गुणिले साडेएकोणीस, म्हणजे अडीच हजारांच्या थोडं वर. आज बाहेरून आलेल्या पोरांना नागपुरात दोन वेळच्या डब्याला साधारण तेवढेच किंवा चार-पाचशे जास्त पडतात. (सावजीच्या रविवारच्या वाऱ्या वेगळ्या, त्यांचा निर्देशांक अजून निघालेला नाही.) म्हणजे जेवण महागाईच्या चालीनंच चाललंय. फीला तोच नियम लावला तर ३८० चे आज सात हजार चारशे व्हायला हवे होते. तुमच्या भावाकडे मागताहेत १ लाख ७० हजार, म्हणजे सुमारे साडेचारशे पट.

बाबा म्हणतील, पगारही वाढले की. बरोबर आहे, म्हणून मी फी नेहमी पगाराच्या दिवसांत मोजतो. मी लागलो तेव्हा हातात अकराशेच्या आसपास पडत. ३८० रुपये म्हणजे नव्या कारकुनाचा दहा-अकरा दिवसांचा पगार. तुम्ही २०१० मध्ये कॉलेजात गेलात तेव्हा आमच्याकडे नवीन लागलेल्या पोराला हातात चौदा-पंधरा हजार मिळत. ६० हजार म्हणजे त्याचा चार महिन्यांचा पगार. आज नव्या कारकुनाला हातात चाळीस हजार धरा, १ लाख ७० हजार म्हणजे सव्वाचार महिने.

इथं जरा थांबा, कारण हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या आणि भावाच्या फीत पगाराच्या मापानं जवळपास फरकच नाही. किमतींच्या मापानंही फार नाही: २०१० पासून निर्देशांक सव्वादोन-अडीच पट झाला, त्या हिशोबानं तुमच्या ६० हजारांचे आज १ लाख ४० हजार होतात. वर राहतात तीस हजार. उडी पडली ती बाबांच्या आणि तुमच्या मध्ये. १९८२ ते २०१० या काळात किमती आठ पटींच्या थोड्या वर गेल्या आणि तुमच्या घराची इंजिनिअरिंगची फी दीडशे पटींवर. तेव्हा "आजकाल सगळंच महाग झालं" हे उत्तर बाबांना देऊ नका. आजकाल काही झालं नाही, जे झालं ते तुम्ही कॉलेजात जायच्या आधीच होऊन गेलं होतं.

काय झालं? बाबांनी कॉलेजचं नाव सांगितलं नसेल तरी हरकत नाही, १९८२ साली नागपुरात इंजिनिअरिंगसाठी घेण्यासारखी नावं फार नव्हतीच. १९६० साली सुरू झालेलं विश्वेश्वरय्या कॉलेज, तेव्हाचं व्हीआरसीई. केमिकलसाठी एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), ते १९४२ पासूनचं आणि डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. म्हणजे पैसा एक तर सरकारचा, नाही तर दानशूर माणसाचा. प्राध्यापकांचे पगार, वर्कशॉपमधली लेथ मशीन, वीज, इमारतीचा रंग, हे सगळं तेव्हाही लागायचं. एका पोराला इंजिनिअर करायला तेव्हाही हजारो रुपये पडत असणार. बाबांनी त्यातले ३८० दिले, बाकी पंगत दुसऱ्यानं वाढली.

पण पंगतीत पानं थोडी होती. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. १९८४ मध्ये नागपुरात लगेच वानाडोंगरीला यशवंतराव चव्हाण आणि काटोल रोडला रामदेवबाबा सुरू झाली, पुढे रांगच लागली. जागा वाढल्या. ज्यांना पूर्वी बारावीनंतर बी.एस्सी.ला जाऊन नशिबाला दोष द्यावा लागायचा त्यांना इंजिनिअर होता आलं. पण या जागांचा खर्च सरकार देणार नव्हतं. डोनेशनचा बाजार इतका बोकाळला की राज्याला १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानं उन्नीकृष्णन प्रकरणात फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी वाटणी घालून दिली. निम्मी मुलं सरकारी दरानं शिकायची आणि त्यांचा भार उरलेल्या निम्म्यांवर पडायचा. त्या काळात आमच्या काउंटरवर बाप यायचे ते बायकोचे दागिने गहाण ठेवायला. पेमेंट सीट मिळाली की आनंद आणि गहाणखत एकाच दिवशी. सुप्रीम कोर्टाच्याच २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानं ती वाटणीही मोडली. तेव्हापासून तत्त्व असं की कॉलेजचा जो वाजवी खर्च तो विद्यार्थ्यांकडून वसूल व्हावा, नफेखोरी मात्र नको. आता शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजचे लेखापरीक्षित हिशोब बघतं, पगार आणि इतर खर्च विद्यार्थ्यांच्या संख्येनं भागतं, विकासासाठी काही भर घालतं आणि फी ठरवून देतं. म्हणजे भावाच्या फी-पत्रकावरचा आकडा हा खर्चाचाच भागाकार आहे, फक्त आता तो तुमच्या घरच्या पत्त्यावर येतो.

हा खर्च किमतींपेक्षा जोरात का वाढतो, तेही बाबांना कळेल, कारण ते स्वतः सरकारी पगारावर होते. कारखान्यात मशीन आलं की एक माणूस चौघांचं काम करतो. वर्गात १९८२ साली एक सर साठ पोरांना शिकवत, आजही साठच. पण सरांचा पगार चौथ्या, पाचव्या, सहाव्या, सातव्या वेतन आयोगानं वाढत गेला. तो वाढायलाच हवा होता, नाही तर शिकवायला कोण थांबलं असतं?

सरकारनं पूर्वीच्या कॉलेजांतूनही हात थोडा आखडता घेतलाय. व्हीआरसीई २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं, आणि २०१६ पासून देशातल्या एनआयटींचं, म्हणजे अशा केंद्र सरकारी कॉलेजांचं, शिक्षण शुल्क वर्षाला सव्वा लाख आहे. फरक इतकाच की तिथं कमी उत्पन्नाच्या घरांना मोठी सूट मिळते: १ लाखाच्या आत पूर्ण माफी, ५ लाखांच्या आत दोन तृतीयांश.

आता शिकवण्यांचा मुद्दा. बाबांना दोन शिकवण्यांचे महिन्याला किती मिळत होते? चाळीस-चाळीस धरतो, माझ्या धाकट्या मामांनाही सीताबर्डीत साधारण तेवढेच मिळत. महिन्याला ८०, म्हणजे पाच महिन्यांत फी वसूल आणि पुढचे सात महिने मेसला हातभार. तुमचा भाऊ आज दोन घरी जाऊन शिकवेल, दीड-दीड हजार घेईल. वर्षाचे ३६ हजार. एका वर्षाची फी जमवायला पावणेपाच वर्षं. चार वर्षांचा अभ्यासक्रम असताना! बाबांच्या कष्टाला उणं म्हणायचं नाही, पण तेवढ्याच कष्टात आज फीचा जेमतेम पाचवा हिस्सा निघतो. हा एकच हिशोब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा, बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल.

त्यातही बाबांच्या वेळी प्रवेश बारावीच्या मार्कांवर होता. तुमच्या भावानं अकरावी-बारावीला क्लास लावला असेलच. तो खर्च बाबांच्या पावतीत नाही, आणि तुमच्या प्रश्नातही तुम्ही तो धरलेला नाही. धरा. लॅपटॉप धरा. हिंगणा रोडपर्यंतचं रोजचं पेट्रोल किंवा कॉलेज बसची फी धरा.

दुसऱ्या बाजूनं एक गोष्ट बाबांच्याही पावतीवर नाही: तुमचे काका. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझं लक्ष तिथंच अडलं. एक भाऊ शहरात शिकत होता तेव्हा दुसरा संत्र्याच्या बागेत राबत होता. घरातून बाबांना पैसे जात नसतीलही, पण घरानं त्यांच्याकडून मजुरीची अपेक्षा सोडली होती आणि ती काकांवर टाकली. तेव्हाच्या अनेक घरांत शिक्षणाची खरी किंमत अशी भावंडांनी, बहुतेक वेळा बहिणींनी, मोजली. आता ती किंमत रुपयांत मोजतात आणि वेळ तुमच्यावर आली आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण कर्जावर सही कुणाची लागणार हा विषय तुमच्या मनात असणार, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो.

आधी कर्जाशिवायचं. किती मदत मिळेल हे तीन गोष्टींवर ठरतं: कुटुंबाचं उत्पन्न, प्रवर्ग, आणि प्रवेश कॅप राउंडमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून) झाला की संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी याहून उदार योजना आहेत. पण कॅपबाहेर प्रवेश घेतला की हे सगळं हातचं जातं. एजंट लोक जून-जुलैत "जागा संपत आल्या" म्हणून घाई करतात. "थोडं वरचं कॉलेज" म्हणून कोट्याची सीट घेणारी घरं मी पाहिलीत. चार वर्षांत शिष्यवृत्तीचे तीन लाख सोडून देतात आणि ते कुणी त्यांना सांगतही नाही. गंमत बघा, तुमच्या घरात भावाऐवजी बहीण असती आणि तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असता, तर २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला कॅपच्या सीटवर तिचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं असतं. म्हणजे बिल काही जणींपुरतं पुन्हा सरकारकडे गेलंय.

निम्मी फी सुटली असं धरलं तर चार वर्षांत तुमच्याकडे साडेतीन-चार लाख उरतात, कारण डेव्हलपमेंट फी वगैरे शिष्यवृत्तीत येत नाही. इथं बाबांच्या एफडीचा प्रश्न येतो. मी स्पष्ट सांगतो: मोडू नका. बाबा साठीत आहेत, त्यांच्या गुडघ्याचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन उद्या निघालं तर त्याला कुठलीही बँक पाच वर्षं हप्ता न घेता कर्ज देणार नाही. शिक्षणाला देते. आजच्या योजनांचा साचा २००१ मध्ये आला. ४ लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन (खर्चात स्वतः घालायचा वाटा) नाही. साडेसात लाखांपर्यंतही आता सरकारच्या हमी निधीमुळे तारण लागत नाही. बँक सगळी रक्कम एकदम देत नाही, दर वर्षाची फी थेट कॉलेजला जाते आणि व्याज तेवढ्यावरच लागतं. शिकत असताना आणि वर एक वर्ष हप्ता नाही, त्या काळात व्याज सरळ. शिकत असतानाच व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं तर शेवटी डोंगर उभा राहत नाही. आणि तुमच्या भावाच्या शिकवण्यांचे ३६ हजार नेमके इथं कामाला येतात! फी नाही झाली तरी व्याज त्यातून भागतं, सुरुवातीला पेट्रोलही सुटतं. बाबांचंही समाधान होईल की पोरगा स्वतःच्या कमाईतून काही भरतोय.

कर्ज भावाच्या नावावर, सहकर्जदार शक्यतो बाबा. पेन्शन आहे, ती उत्पन्नात धरली जाते. निवृत्त म्हणून शाखा कुरकुर करेल आणि "ताईंची सही घ्या" म्हणेल. तुम्ही सही केलीत तर ते कर्ज तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसेल, आणि दोन वर्षांनी तुम्ही स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की तेवढी पात्रता कमी होईल. भावाचा हप्ता चुकला तर स्कोअर तुमचाही पडेल. शिवाय आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या, किंवा आपण कायदेशीर पालक असलेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठीच आहे, भावासाठी नाही. बाबा व्याज भरत असतील तर त्यांना मिळेल, तीही जुन्या करपद्धतीत. तुम्हाला नाही. हे बँकेत कुणी आपणहून सांगत नाही.

मीही एकदा सांगितलं नव्हतं. एक अंगणवाडी ताई होती, मुलासाठी मोठं कर्ज मागत होती, कोट्याच्या सीटसाठी. कागद पूर्ण होते, टार्गेट मार्चअखेरचं होतं, मी मंजूर केलं. त्या कॉलेजातून नोकऱ्या कुणाला लागतात, कितीच्या लागतात हे विचारायचं मला सुचलंही नाही. मुलगा पास झाला, पुण्यात आठ हजारांवर लागला, कर्ज थकलं. तीन वर्षं त्या बाईला शाखेतून फोन जात राहिले आणि त्यातले काही मीच केले. त्यानंतर मी अर्ज घेताना आधी गेल्या बॅचच्या तीन पोरांचे पगार विचारायला लागलो. कॉलेजच्या पत्रकातलं "सर्वोच्च पॅकेज" नाही. मागच्या बाकावरच्या तिघांचे. तुमच्या भावालाही ते विचारून यायला सांगा. पहिल्या नोकरीच्या हातातल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यात हप्ता बसत असेल तर कर्ज घ्यावं. नसेल बसत तर कॉलेज बदलावं किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जावं. आमच्या नागपुरात त्या वाटेनं गेलेले उत्तम इंजिनिअर आहेत.

आता लगेच करायचं ते एवढंच. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, जूनमध्ये सेतूसमोर उभं राहवत नाही. भावाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तपासा, शिष्यवृत्ती त्याशिवाय अडकते. महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) अर्ज दर वर्षी पुन्हा भरावा लागतो, दुसऱ्या वर्षी विसरणारे फार असतात. प्रवेश पक्का झाला की फी-पत्रकावर कॉलेजचा शिक्का घ्या आणि घराजवळच्या शाखेत बाबांना घेऊन जा. जाताना त्यांची १९८२ ची पावतीही बरोबर असू द्या, मॅनेजर निवृत्तीला आलेला असेल तर चहा नक्की मिळेल.